यायची टाकी

हे लिहायला मी बसलो खरा, पण मला ते जमेल असं वाटत नाही, आणि जमलं तरी मी ते लिहावं की नाही हेही नक्की कळत नाही. मी जव्हारकडच्या डोंगरातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पुस्तक हातात धरलेलं नाही. कॉलेजच्या वाचनालयात प्रवासवर्णनं वाचली ती काश्मीरची, नाहीतर परदेशाची. माझा प्रवास पालघरजवळच्या शिरगावपासून चिंचणीपर्यंतचा, तोही मासळीच्या ट्रकमधून. ज्यांना समुद्र माहीत आहे त्यांना यात माझ्या चुका दिसतील, आणि ज्यांना ट्रक माहीत आहे त्यांना त्याहून जास्त दिसतील. त्यांनी मला सांभाळून घ्यावं. ज्यांचा हा प्रवास होता ते लिहिणारे नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, एवढाच माझा अधिकार.

शिरगाव

अनंता माझ्या वर्गात होता. पालघरच्या कॉलेजात पहिल्या वर्षी बाकावर माझ्या शेजारी कुणी बसत नव्हतं, तेव्हा तो येऊन बसला आणि म्हणाला, "तू डोंगरातला ना? मग तुला समुद्र दाखवायला पायजे." त्याच शनिवारी त्यानं मला सायकलवर डबलसीट शिरगावला नेलं. किल्ल्याच्या मागून वाळूवर उतरलो आणि मी पहिल्यांदा समुद्र पाहिला.  मला वाटलं होतं तो निळा असेल. तो मातीच्या रंगाचा होता, आमच्या ओढ्याला पावसात येतो तसा.

त्यानंतर मी वसतिगृहातून सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जाऊ लागलो. हिराकाकी, म्हणजे अनंताची आई, मला ताटात मोठा तुकडा वाढायच्या. आमच्याकडे मासा म्हणजे ओढ्यातली बोटभर मळवी, काट्यासकट चावून खायची. इथे बांबूच्या मांडवावर बोंबील उलटे टांगून वाळत असत, आणि त्यांच्याखालून वाकून जाताना काकी म्हणायच्या, "डोकं सांभाळ, लहानू, नायतर रातभर वास जायचा नाय." लहानू हे माझं नाव.

अनंताचे वडील जनूकाका. ते पूर्वी होडीवर तांडेल होते, म्हणजे होडी चालवणारे प्रमुख. पाठीच्या दुखण्यामुळे समुद्र सोडून ते मासळीचा ट्रक चालवू लागले. या ट्रकबद्दल मला थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

ट्रकला डिझेलच्या दोन टाक्या होत्या. ड्रायव्हरच्या बाजूची मूळची, क्लीनरच्या बाजूची भंगारातून आणून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. इंजिन एका वेळी एकाच टाकीतून डिझेल ओढतं. कुठल्या टाकीतून, ते दाराखाली चासीला बसवलेल्या पितळी कॉकवर ठरतं. मला वाटलं, नळ फिरवावा तेवढंच काम. पण तिथे कॉक दोन होते. दुसरा कशाला, असं मी एकदा काकांना विचारलं.

"पंप इंजनाला लागतं त्यापेक्षा जास्त ओढतो," काका म्हणाले. "उरलेलं दुसऱ्या नळीनं टाकीत परत जातं. म्हनून ओढीचा कॉक येगळा, परतीचा येगळा. टाकी बदलायची तर दोनी फिरवायचे."

"आणि एकच फिरवला तर?"

"तर इंजन चालतं. तुला कायच कळत नाय. या टाकीतलं डिझेल गुपचूप त्या टाकीत जात राहतं. ती भरलेली असंल तर झाकनातून रस्त्यावर. मागचा सायकलवाला आडवा, आनि डायवर पुढं गानी गातोय."

टाकी पूर्ण सुकायच्या आधी बदलायची, हा दुसरा नियम. सुकली की नळी हवा ओढते, आणि डिझेलच्या नळीत हवा गेली की इंजिन मरतं. काटा कधीच बंद पडलेला, म्हणून काका वेताची काठी टाकीत बुडवून किती ओली होते ते बघत.

तिसरा नियम मात्र काकांचा स्वतःचा होता. तो कुठल्या गॅरेजात शिकवत नसतील. त्यांच्या गावच्या होड्या किनारा सोडताना एक भरलेला कॅन वेगळा ठेवतात, त्याला कुंकवाचं बोट लावतात, आणि होडीचं नाक घराकडे वळल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. मासे कितीही लांब गेले तरी नाही. काका समुद्रावरून रस्त्यावर आले ते हा नियम घेऊनच. ड्रायव्हरच्या बाजूची टाकी जायची, क्लीनरच्या बाजूची यायची. यायच्या टाकीवर नारळी पौर्णिमेला नारळ फुटायचा. बाजारातले ड्रायव्हर त्यांना चिडवायचे, "काय तांडेल, सुकाण कुठं बसवलंय?" काका म्हणायचे, "तुमच्या मालकाला इचारा, त्याच्या हातात हाय."

मला मात्र ते हसण्यासारखं वाटलं नाही. आमच्या घरात नाचणीचं बियाणं राखेत मिसळून मडक्यात ठेवतात. माझ्या वडिलांना वीटभट्टीवरून यायला उशीर झाला आणि घरात दाणा नव्हता, अशा दिवसांतही आईनं त्या मडक्याचं तोंड सोडलं नव्हतं. हे मी अनंताला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तुझ्या आईची पण यायची टाकी हाय."

त्याच्या मामाच्या होडीला जुन्या ट्रकचं इंजिन होतं. अनंता सुट्टीत मामाबरोबर जायला लागला, तेव्हा काकांनी स्वतः त्या होडीवर दोन टाक्या, एक जायची, एक यायची, आणि दोन कॉक बसवून दिले. अनंता सगळ्यांना सांगत सुटला, "बाबांनी होडीचा ट्रक केलाय. आता फक्त मागं हॉर्न प्लीज लिहायचं राह्यलंय."

आमच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर, वादळ झालं. गावच्या सगळ्या होड्या आल्या. मामाची आली नाही. तिच्यावर अनंता, मामा आणि दोन खलाशी होते.

मी वसतिगृहातून चालत शिरगावला पोचलो तेव्हा बायका वाळूवर ओळीनं उभ्या होत्या आणि एकही बोलत नव्हती. आमच्याकडे असं काही झालं तर मोठ्यानं रडतात. इथे, माणूस सापडेपर्यंत रडायचं नसतं, असं मला नंतर कळलं. अनंताच्या घरात चूल पेटलेली नव्हती. शेजारणी भाताची टोपं आणून ठेवत होत्या.

शोधाला होड्या निघत होत्या आणि डिझेल पुरत नव्हतं. काकांनी ट्रकच्या जायच्या टाकीत रबरी नळी घातली, तोंडानं ओढली आणि एकामागून एक कॅन भरून दिले. तळाला थोडं राहिलं तेव्हा एकजण म्हणाला, "जनू, दुसरी पन सोड."

"ती नाय."

"अरे, तुझ्याच पोराला शोधायला जातायत."

"आनि ती त्याला आनायला हाय," काका म्हणाले आणि झाकण लावून टाकलं.

समुद्रात होड्या बघतील, किनारा आपण बघू, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांचा क्लीनर पोहणारा, तो होडीवर गेला होता. मी म्हणालो, "काका, मी येतो."

"पोहता येतं?"

"नाही. ओढ्यात, कमरेएवढ्या पाण्यात."

"मग चल. मला ट्रकमधी बसनाराच पायजे."

काकींनी भाकऱ्या आणि सुका जवळा बांधून दिला. त्याच्याबरोबर दुसरं एक गाठोडं. त्यात अनंताची पँट, शर्ट आणि टॉवेल. "भिजलेला असंल," त्या म्हणाल्या.

केळवे, माकुणसार

पहिल्या दिवशी आम्ही दक्षिणेला गेलो. केळव्याला सुरूच्या झाडांखाली ट्रक उभा करून आम्ही भरतीच्या रेघेवरून चालत राहिलो. लोक फिरायला येतात ते किनारे असे दिसत नसतील. वादळानं समुद्रातलं सगळं बाहेर फेकलं होतं. बांबू, नारळ, फुगलेले मासे, जाळ्यांचे गुंते आणि चपला. इतक्या चपला कुठून येतात मला माहीत नाही. काका प्रत्येक चप्पल उचलून पालथी करून बघत, अंगठा बघत आणि पुन्हा होती तशीच ठेवत. फेकत नसत. मीही तसंच करू लागलो.

माकुणसारला खाडीत एक फ्लोट सापडलाय, असं कळलं. फ्लोट म्हणजे जाळ्याला बांधतात तो पोकळ गोळा. ज्याला तो सापडला होता त्या माणसाचं घर शोधून काढलं. त्यानं आम्हाला ओट्यावर बसवलं, आणि काही न विचारता त्याच्या बायकोनं उकडलेली रताळी समोर ठेवली. तो आतून फ्लोट घेऊन आला आणि दोन्ही हातांनी काकांना दिला, देवाची वस्तू द्यावी तसा.

काकांनी दोरीची गाठ बघितली. बोटांनी चाचपली.

"ही गाठ आमची नाय."

"नाय?" तो माणूस म्हणाला. त्याला त्याचीच काहीतरी चूक झाल्यासारखं वाटलं असावं. "मला वाटलं... तुमी लांबून आले."

"नाय ते बरं," काका म्हणाले. मग त्यांनी एक रताळं उचललं आणि पूर्ण खाल्लं. त्या दिवशी त्यांनी खाल्लेलं तेवढंच.

परत ट्रककडे येताना खाडीच्या चिखलात माझी एक चप्पल रुतली ती निघेना. मी हात घालून शोधू लागलो. काका वर बांधावर उभे होते. म्हणाले, "सोड. उद्या कोनीतरी ती हातात घेऊन माझ्याकडं येईल." ते हसले. मला हसू आलं नाही, पण मी हसलो, कारण ते एकटे हसतायत हे मला बघवेना.

बोईसर

रात्र ट्रकमध्येच काढून दुसऱ्या दिवशी उत्तरेला निघालो. वारा दक्षिणेकडून होता, म्हणजे जे काही असेल ते वरच्या अंगाला गेलं असणार, असं माकुणसारला बोलत होते. पालघरच्या पंपावर दोरी बांधून पाटी लावलेली, डिझेल नाही. काकांनी काठी बुडवून बघितली आणि पुसून ठेवली. आमच्या दोघांच्या मध्ये सीटवर कपड्यांचं गाठोडं होतं. खड्ड्यात ट्रक उसळला की काका एका हातानं ते धरत.

बेटेगावपर्यंत शेतं होती, वादळानं आडवा झालेला भात होता. भाताकडे बघून मला घर आठवलं. बोईसर लागलं आणि सगळं बदललं. कारखान्यांच्या भिंती, चिमण्या, रस्त्याकडेच्या गटारात तांबडं पाणी, थोडं पुढे गेलं की तेच हिरवट. घशात खवखवणारा वास. माणसं हिंदी बोलत होती. आमच्या पाड्यावरची किती पोरं इथे कामाला आली आणि पुन्हा नांगराला लागली नाहीत, त्यातलं कुणी दिसतंय का म्हणून मी बघत होतो. कुणी दिसलं नाही. इथल्या पंपावरही तीच पाटी होती.

तारापूरच्या रस्त्याला लागलो आणि इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. काकांनी क्लच दाबून ट्रक कडेला घेतला तोवर ते मेलं होतं.

मी उतरलो. मला वाटलं, आता दोन्ही कॉक फिरवायचे, हवा काढायची, झालं. मी वाकलोही. वरून काकांचा आवाज आला, "हात लावू नको."

"काका, टाकी सुकली."

"माहित हाय."

"मग दुसरी..."

"ट्रकचं नाक कुठं हाय, लहानू?"

मी समोर बघितलं. "तारापूरकडे."

"मग?"

 ज्या माणसानं टाकी कधी सुकू द्यायची नाही हे मला शिकवलं, त्यानं ती समजून उमजून सुकू दिली होती. यायच्या टाकीचा कॉक फिरवणं म्हणजे अनंताला न घेता घरी निघणं. तोंडानं ते म्हणायची गरज नव्हती. कॉक फिरवला की ते झालंच.

कारखान्याची पाळी सुटली होती. कामगार गोळा झाले. मागे एक लांब पल्ल्याचा ट्रक थांबला, त्याचा पिकल्या दाढीचा ड्रायव्हर लुंगी सावरत आला आणि चाकाशी वाकून बघू लागला.

"क्या हुआ चाचा, एअर पकड़ लिया?"

काकांनी नुसती मान हलवली.

त्यानं क्लीनरच्या बाजूची टाकी बोटांनी वाजवली. "अरे, ये तो फुल है! भरी टंकी लेके सड़क पे खड़े हो? बारात आने वाली है क्या?"

कामगार हसले. एकजण म्हणाला, "चाचा को शोरूम में रखना है।"

काका दुसरीकडे बघत होते. माझं हिंदी फार वाईट आहे, पण मीच बोललो. "वो टंकी वापस जाने की है। इनका लड़का समंदर में गया है। अभी मिला नहीं।"

हसणं थांबलं. तो ड्रायव्हर थोडा वेळ टाकीकडे बघत राहिला. मग काही न विचारता आपल्या ट्रककडे गेला, नळी घातली, कॅन भरून आणला आणि आमच्या जायच्या टाकीत ओतला. काका खिशात हात घालू लागले तर त्यानं तो हात धरला.

"वापसी वाली मत छूना, चाचा," तो म्हणाला. "जब तक लड़का नहीं मिलता।" आणि निघून गेला. त्याचं नाव मी विचारलं नाही.

मग हवा काढायची होती. हे काम दोघांचं. फिल्टरच्या माथ्यावरचा स्क्रू काका पान्यानं ढिला करणार आणि खाली पंपाला असलेली छोटी मूठ मी वरखाली दाबत राहणार. स्क्रूपाशी आधी नुसता फेस येतो, साबणासारखा. फेस जाऊन सलग डिझेल आलं की हवा गेली, मग स्क्रू आवळायचा.

"फेस येतोय का बघ."

"येतोय."

"मार."

मी मूठ मारत होतो. बराच वेळ फेसच येत होता. काका माझ्याकडे न बघता, फिल्टरकडे बघत बोलू लागले.

"होडीवरचा तो कॉक जुना होता, लहानू. ओढीचा. भंगारातून आनलेला. त्याचा वॉशर मी बदलला का नाय, मला आठवत नाय."

मी थांबलो.

"मार, थांबू नको. वॉशर गेलेला असंल तर तिथनं हवा ओढनार. टाकीत डिझेल असून इंजन बंद. वाऱ्यात इंजन बंद पडलं का होडी आडवी होते. आडवी झाली का..." पान्यानं त्यांनी हवेत एक वळण दाखवलं. "दोन दिवस मी तेच आठवतोय. वॉशरचा डबा उघडलेला आठवतो. बसवलेला आठवत नाय. नायतर पोरानं घाईत एकच फिरवला असंल. दोनातलं एक. कुठलंबी असलं तरी हात माझाच."

"काका, तुम्ही बदलला असेल."

"तुला काय माहीत?"

मला खरंच काही माहीत नव्हतं. फेस गेला. स्वच्छ, सोनेरी डिझेल त्यांच्या बोटांवरून वाहू लागलं. तरी ते स्क्रू आवळेनात. मी म्हणालो, "काका, फेस गेला." तेव्हा त्यांनी आवळला.

तारापूर

तारापूरला किल्ला आहे, जुनी घरं आहेत, दुसऱ्या कुठल्या वेळी आलो असतो तर त्याबद्दल मी चांगलं लिहिलं असतं. मला आठवतात त्या बाजारातल्या मासळीवाल्या. काकांना पाहिल्यावर त्यांनी नजर खाली केली. बातमी आमच्या आधी पोचली होती. एकीनं उठून काकांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. 

अणुकेंद्राच्या बाजूला किनारा कुंपणात जातो. तिथे पहाऱ्यावरचा एक मराठी शिपाई होता. मला भीती वाटत होती की तो हाकलेल. त्यानं आम्हाला आत सोडलं नाही, पण टोपी काढली आणि म्हणाला, "काका, सकाळी भरती उतरल्यावर मी स्वतः या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललोय. खोटं नाही सांगत. काही नाही." काकांनी त्याच्याकडे नीट बघितलं, फ्लोटची गाठ बघितली होती तसं, आणि मान डोलावली.

चिंचणी

चिंचणीचा किनारा रुंद आहे. ओहोटी होती. पाणी इतकं लांब गेलं होतं की त्याचा आवाजही येत नव्हता. तिथल्या होड्यांपाशी एक म्हातारे तांडेल बसले होते, काकांच्या ओळखीचे. त्यांनी काकांना बघितलं आणि उठून झोपडीमागे गेले. परत आले ते एक लाकडी झाकण घेऊन. होडीत बर्फ ठेवायचा खण असतो, त्यावरचं झाकण. त्यावर निळ्या रंगात लिहिलं होतं, हॉर्न प्लीज.

मला अक्षर लगेच ओळखू आलं. माझ्या वहीवर तो असंच लिहायचा, 'ज'ला शेपटी लांब.

काका वाळूवर बसले. झाकण मांडीवर घेतलं आणि त्यावरची वाळू तळव्यानं पुसत राहिले. पुसून झालं तरी पुसत राहिले.

"झाकनच हाय, जनू," म्हातारे म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत कितीक झाकनं वाहून आली. मानसं मागनं चालत आली."

"किती आली?"

म्हाताऱ्यांनी उत्तरेकडे हात केला. मग म्हणाले, "वारं वरती गेलं, सौराष्ट्राच्या अंगाला. तू डहाणूला जाशील, पुढं उंबरगावला जाशील. किनारा काय संपनार हाय? घरी बाई एकटी हाय. जा."

काकांनी काठी मागितली. मी आणून दिली. ती टाकीतून बाहेर आली तेव्हा फक्त टोक ओलं होतं. ते काठीकडे आणि मग उत्तरेच्या किनाऱ्याकडे बघत उभे राहिले. मग ट्रकमध्ये चढले, चालू केला आणि वाळूच्या कडेनं तो हळूहळू वळवला. नाक दक्षिणेला आलं. शिरगाव तिकडे होतं. तिथे त्यांनी इंजिन बंद केलं.

त्यांनी हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत.

"लहानू. तू फिरव."

मी ट्रकखाली गेलो. वाळू गार होती. ओढीचा कॉक सहज फिरला. परतीचा घट्ट होता. मी त्यावर हात ठेवला आणि माझा हात पुढे जाईना. मला वाटलं, माझ्या हातून हे होऊ नये. मी त्यांच्या गावचा नाही, मला पोहता येत नाही, मी हे कोण ठरवणार?

"दुसरा पन फिरवला ना?" वरून आवाज आला.

"फिरवतो, काका."

मी फिरवला.

 परतीच्या वाटेवर गाठोडं आमच्या मध्ये होतं तसंच होतं, फक्त त्याच्यावर झाकण होतं. शिरगावला काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रककडे बघितलं नाही, टाकीकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे, त्यांना डिझेल लागलं होतं. आणि त्या आत गेल्या.

डोंगरात

सुट्टी लागली आणि मी घरी आलो. नाचणीची कापणी चालू होती. खरं म्हणजे मला शिरगावला तोंड दाखवायचं धैर्य नव्हतं. कॉक माझ्या हातानं फिरला होता.

एका दुपारी खळ्यावर होतो, तर खालच्या वाटेनं कुणीतरी चढताना दिसलं. चार पावलं चालायचं, कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, पुन्हा चालायचं. जवळ आल्यावर ओळखलं. जनूकाका. एसटी खाली सोडते, तिथून आमच्या पाड्यापर्यंत उभा चढ आहे आणि त्यांची पाठ तशी. मी धावत गेलो.

आईनं त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हा तुझ्या दोस्ताचा बाप ना?" मी हो म्हटलं. ती आत जाऊन भाकरी थापायला बसली.

"होडी सापडली," काका म्हणाले. "सौराष्ट्राला. उलटी तरंगत होती, ट्रॉलरवाल्यांनी बंदराला ओढून आनली. मी जाऊन आलो."

मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "मानसं नाय. एकपन नाय."

माझ्या आईचे हात आत थांबले ते मला ऐकू आलं.

"तिथली मानसं म्हनत होती, आधी कागदावर अंगठा करा, चहा प्या. मी पयला इंजनापाशी गेलो. हात घालून बघितलं. वॉशर नवा होता, लहानू. मी बदलला होता. नळीत कुठं गळती नाय, काय नाय. इंजन हवेनं मेलेलं नाय."

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले, दोन मुठी शेजारी शेजारी. मग दोन्ही एकदम वळवल्या.

"दोनी कॉक यायच्या टाकीवर होते. ओढीचा पन, परतीचा पन. पुरे फिरवलेले. घाबरलेला मानूस असा नाय फिरवत, अर्धाच सोडतो. पोरानं नीट बसून फिरवलेत."

ते आमच्या खळ्याकडे, पसरलेल्या नाचणीकडे बघत राहिले.

"नाक वळलं होतं," ते म्हणाले. "घरी यायला निघाला होता."